आई-वडिलांसाठी आरोग्य विमा: कोणता घेऊ? घाई आहे

गोदाकाठ:
आई-वडील माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहेत, ते कव्हर महिनाअखेर संपतंय. एजंट पाच लाखांचा फ्लोटर (दोघांना मिळून एकच पॉलिसी) घ्या म्हणतोय, सोमवारी चेक न्यायला येणार. नाशिकच्या गंगापूर रोडच्या हॉस्पिटलांत कॅशलेस हवं. कोणती पॉलिसी घेऊ तेवढं सांगा.

हिशेबनीस:
वयं? आजार? बजेट? ग्रुप कव्हर का संपतंय?

सातपूरकर:
सुपर टॉप-अप घ्या, २० लाखांचा, डिडक्टिबल ५ लाख, म्हणजे तेवढ्याच्या वरचा खर्च तो देतो. हप्ता बराच कमी बसतो. साधा टॉप-अप मात्र नको. त्यात प्रत्येक बिल वेगळं धरतात. वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं झाली तर साधा टॉप-अप काहीच देत नाही, सुपर दोन्हींची बेरीज धरून ३ लाख देतो.

हिशेबनीस:
आणि खालचे पाच लाख कोण भरणार? कव्हर संपतंय असं ते स्वतःच लिहितायत. आधी बेस, म्हणजे ते खालचे पैसे देणारी मूळ पॉलिसी, मग सुपर टॉप-अप.

सिडको_४२२:
टर्म प्लॅन (मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा जीवन विमा) आहे का? वार्षिक उत्पन्नाच्या दहापट तरी हवा.

हिशेबनीस:
प्रश्न आई-वडिलांच्या दवाखान्याचा आहे हो.

गोदाकाठ:
बाबा ६७, आई ६३, आईला शुगर. नोकरी सोडतोय. बजेट ६० हजार.

नाशिकरोडकर:
आणि बाबांना काहीच नाही?

गोदाकाठ:
२०२२ मध्ये अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकला, आता ठणठणीत आहेत. एजंट म्हणाला फॉर्मवर लिहायची गरज नाही.

हिशेबनीस:
त्या फॉर्मवर सही करू नका! अँजिओप्लास्टी लपवली की हृदयाच्या पहिल्याच क्लेमला कंपनी जुने कागद मागते, क्लेम नाकारते आणि पॉलिसीही रद्द करू शकते. पॉलिसी सलग ६० महिने चालल्यावर लपवाछपवीच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक ठरली तर तेव्हाही नाकारतात. खरं लिहिलंत तर जुन्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षांचा वेटिंग पिरियड लागतो, तेवढ्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. आधी ४ होता, २०२४ मध्ये कमी झाला.

पंचवटी_घाट:
आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, वर्षाला ५ लाखांपर्यंत सरकारी कव्हर, उत्पन्नाची अट नाही.

नाशिकरोडकर:
ते ७० पूर्ण झाल्यावर. बाबांना अजून तीन वर्षं आहेत.

गोदाकाठ:
मग फ्लोटर घेऊ की नको?

हिशेबनीस:
नको. फ्लोटरचा हप्ता थोरल्याच्या वयावर ठरतो आणि विमा रक्कम दोघांत मिळून एकच असते. शिवाय बाबांच्या स्टेंटमुळे प्रस्ताव अडकला तर आईचंही लटकतं. दोघांच्या पॉलिसी वेगळ्या काढा.

मग तीन कलमं वाचा. रूम रेंट, म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा: ५ लाखांवर १ टक्का असेल तर दिवसाला ५ हजार. १० हजारांची खोली घेतलीत तर फक्त खोलीभाड्यातच कात्री लागते असं नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही निम्मंच मिळतं. औषधं, इम्प्लांट, तपासण्या, आयसीयू यांना ही कपात लावता येत नाही. को-पे, म्हणजे प्रत्येक बिलातला तुमचा वाटा: २० टक्के असेल तर ४ लाखांच्या बिलात ८० हजार तुमचे. तिसरं, मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांचा वेगळा वेटिंग पिरियड, बहुधा २ वर्षं.

सातपूरकर:
रूम रेंटची मर्यादा नसलेली, को-पे नसलेली बेस पॉलिसी स्टेंटवाल्या ६७ वर्षांच्या माणसाला ६० हजारांत आईसकट बसवून दाखवा!

हिशेबनीस:
नाही बसली तर बाबांपुरता को-पे घ्या, रूम रेंटची मर्यादा नको. को-पेचा हिशोब आधी कळतो, कपातीचा डिस्चार्जच्या दिवशी.

सिडको_४२२:
हप्त्यावर १८ टक्के जीएसटी धरला का?

नाशिकरोडकर:
वैयक्तिक आरोग्य विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. एजंटच्या कोटेशनमध्ये दिसला तर कोटेशन जुनं.

गोदाकाठ, सगळ्यात आधी मायग्रेशन बघा. ज्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे तिच्याकडेच वैयक्तिक पॉलिसी मागा. ग्रुपमध्ये जितकी वर्षं अखंड काढली तेवढी वेटिंगमधून वजा होतात, पण ग्रुपच्या विमा रकमेपुरतीच. कव्हरमध्ये खंड पडला की तो हक्क गेला. किती वर्षं होते दोघं?

गोदाकाठ:
चार वर्षं, ३ लाख. एचआरला काय लिहू?

नाशिकरोडकर:
शेवटच्या दिवसाआधी मेल करा: ग्रुप पॉलिसीचा क्रमांक, दोघांचे मेंबर आयडी, दोघं कव्हरमध्ये आल्याची तारीख, दरवर्षीची विमा रक्कम आणि झालेल्या क्लेमचा तपशील, हे सगळं मला लेखी द्या, असं. त्यासोबत बाबांची डिस्चार्ज समरी आणि आईचा ताजा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) रिपोर्ट जोडून कंपनीकडे मायग्रेशनचा अर्ज करा. प्रस्ताव तपासून स्वीकारायचा की नाही ते कंपनी ठरवते, म्हणून उत्तर येईपर्यंत एजंटला चेक देऊ नका.

गोदाकाठ:
मेल आत्ता टाकतो. सोमवारचं एजंटला नको म्हणून कळवलं.