टाळेबंदीतली वाळवणं: चौघींचं काम दोघांनी कसं उरकायचं?

गच्ची_जळगाव (१२ एप्रिल २०२०)
राज्यातली टाळेबंदी ३० एप्रिलपर्यंत वाढल्याचं काल जाहीर झालं. २६ला आखाजी (अक्षय्य तृतीया). यंदा माहेरवाशिणी येणार नाहीत आणि शेजारच्या बायाही एकमेकींच्या गच्चीवर जाणार नाहीत. पण वाळवणाचं ऊन हेच. बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि कुरडया घरातल्या दोनच माणसांनी करायच्या तर प्रमाण काय, आधी काय, मागून काय? विचारावं तर जो तो पाच किलोच्या खाली बोलत नाही. गिरणी सकाळी दोन तास उघडते आणि ओलं दळण घेत नाही. शिवाय बाजूच्या दोघी म्हणताहेत, मास्क लावून चौघी मिळून करू. करावं का?

तापीकाठ
पाच किलो विसरा. ते माप आठ हातांसाठी बांधलेलं आहे: एक जण घाटा (आधणात शिजवलेलं पीठ) हाटते, एक वाटीने वाढते, दोघी थापतात. घाटा गरम असेपर्यंतच पसरतो. कोमट झाला की वर साय धरते, बिबडी जाड बसते आणि वाळताना काठ चिरतात. म्हणून दोघांना वीस मिनिटांत थापून संपेल एवढाच घाटा एका वेळी करा, म्हणजे पाव किलो पिठाचा. किलोभर पीठ असेल तर चार घाणे होतील, होऊ द्या.

गिरणीचं म्हणाल तर तिथे फक्त कोरडं काम न्या. ज्वारीला पाण्याचा हात लावून तासभर झाकून ठेवा, मग भरडून आणा आणि घरी पाखडून कोंडा काढा. ती कणी भिजत घाला. एरवी तीन दिवस म्हणतात, पण एवढ्या उन्हाळ्यात दोन पुरतात. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं, नाहीतर आंबूस वास पिठात राहतो आणि तळल्यावरही जात नाही. मग निथळून सावलीत कापडावर पसरा, हाताला ओल लागेनाशी झाली की मिक्सरला थोडं थोडं फिरवून चाळा.

घाट्याला एक वाटी पिठामागे साधारण चार वाट्या पाणी. त्यातल्या एका वाटी गार पाण्यात पीठ कालवून घ्या, तीन वाट्यांना आधण आणा. आधणात वाटलेला लसूण, मिरची, जिरं, मीठ. कालवलेलं पीठ धारेने सोडत हाटत राहा, तीळ शेवटी. मीठ टाकताना हात आखडता ठेवा: ओला घाटा किंचित अळणीच लागला पाहिजे, पाणी उडालं की मीठ वर येतं. चमचा उचलल्यावर घाटा गोळा होऊन पडला तर घट्ट आहे, सलग पट्टीसारखा उतरला तर बरोबर.

पहाटे पाचला आधण ठेवलं तर आठच्या आत थापून होतं. जुनं सुती लुगडं ओलं करून पिळा, हात पाण्यात बुडवून थापा. दुसऱ्या दिवशी कापड उलटं करून मागून पाणी शिंपडलं की बिबड्या सुटतात. कोरड्या ओढल्या तर तुकडेच हातात येणार. मग दुसरी बाजू वर करून आणखी दोन उन्हं द्या.

सोऱ्यावाली
कुरडयांचं सांगते. दोघांना एक किलो गहू पुष्कळ. तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटून चीक गाळून घ्या, रात्रभर ठेवा. सकाळी वरची निवळ हळूच ओता. उरलेला चीक वाटीने मोजा, तेवढंच पाणी, त्यात मीठ आणि चिमूटभर हिंग. मोजायचा कंटाळा केला की तिथेच फसतं.

खरी अडचण ही की एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने हाटायचं. एकटं असाल तर पाणी खळखळलं की गॅस बारीक करा, एका हाताने बारीक धार, दुसऱ्या हाताने लाटण्याने हाटणं. गाठी झाल्याच तर भांड्याच्या कडेला दाबून फोडा, वरून पाणी ओतू नका, नाहीतर सोऱ्यातून पाडलेले धागे एकमेकांत मिसळतात. मग झाकण ठेवून दहा मिनिटं वाफ. पांढरा चीक काचेसारखा दिसला आणि ओलं बोट लावल्यावर चिकटला नाही की शिजला. कच्चा राहिला तर वाळून भुगा होतो आणि तेलात फुलत नाही.

आखाजीले_या
चौघींचं मात्र नका करू. एका पातेल्याभोवती अंतर राहत नाही, आणि चुलीच्या वाफेत मास्क दहा मिनिटांत भिजून नाकाला चिकटतो. मग हनुवटीवर येतो.

त्यापेक्षा घरं वाटून घ्या: एकीने बिबड्या, एकीने कुरडया, तिसरीने शेवया, आणि वाळल्यावर वाटे घाला. वाटा वजनाने करा, नगावर केला की भांडण ठरलेलं. आधीच बोलून ठेवा की कुरडईला मेहनत आणि माल दोन्ही जास्त.

अजून एक. घरोघरी पापड लाटायला जाणाऱ्या बायांची दर उन्हाळ्यातली कमाई यंदा बुडाली आहे. त्यांना बोलावता येत नसेल तर उडदाचं पीठ, पापडखार आणि मसाला त्यांच्या ओट्यावर पोचता करा, त्या घरी लाटून देतील. दर नेहमीचाच द्या, आणि थोडे पैसे आधी.

तापीकाठ
वाटून घेणं पटलं. पण शेजारच्या जाणत्या बाईला व्हिडिओ कॉलवर घाटा दाखवा, मोबाइल भांड्याच्या वर न धरता बाजूला धरून. वाफेने काच धुरकटते आणि ती पलीकडून "काहीच दिसत नाही गं" म्हणत बसते.

गच्ची_जळगाव
उद्या एक किलो ज्वारी भरडून आणते. मध्येच आभाळ आलं तर?

सोऱ्यावाली
प्लॅस्टिक झाकू नका, घाम धरून बुरशी येते. कापडासकट उचलून खोलीत पंख्याखाली पसरा, ऊन आलं की परत बाहेर. डब्यात भरायच्या आधी एक मोडून बघा: कट्‌ आवाज आला पाहिजे. आणि उन्हातून आणल्या आणल्या भरू नका, पूर्ण गार होऊ द्या.