राहतं घर तारण ठेवून एमएससाठी ४५ लाख? माझं मत: नको

कृष्णाकाठ
विषय घरचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझा भाचा दोन वर्षं पुण्यात नोकरी करतोय, हातात ५२ हजार येतात. त्याला अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या एमएसला, म्हणजे मास्टर्सला, प्रवेश मिळालाय. विद्यापीठ बरं आहे, पण नाव घेतल्यावर चार माणसांनी 'वा' म्हणावं असं नाही. फी, राहणं, विमा सगळं धरून दोन वर्षांचे ४५ लाख. दादा साखर कारखान्यातून निवृत्त झालाय. पेन्शन ईपीएसची (पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची), तिच्यात महिन्याचा किराणासुद्धा भागत नाही. तारणाला आहे ते फक्त सांगलीतलं राहतं घर.

काल दादाने कागद दाखवले. खरेदीखत, मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या, सगळं साडीच्या दुकानाच्या पिवळ्या पिशवीत. २०१९ च्या महापुरात याच घरात आम्ही अकरा माणसं आठ दिवस होतो.

माझा हिशेब असा. व्याज ११ टक्के. रक्कम चार सेमिस्टरला चार भागांत उचलली आणि फेड अडीच वर्षांनी सुरू झाली, तर तोवर साध्या व्याजानेच साडेआठ लाखांच्या वर चढतात. म्हणजे सुरुवातच जवळपास ५४ लाखांपासून. दहा वर्षांसाठी हप्ता ७४ हजार. तिकडे नोकरी लागली तर प्रश्न नाही. पण परत यावं लागलं आणि बारा लाखांचं पॅकेज मिळालं, तरी हातात येणार ८५-९० हजार. त्यातून ७४ गेले की तो जेवणार काय?

म्हणून माझी कसोटी साधी आहे. इथल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शात हप्ता बसेल, तेवढंच कर्ज. तीस हजारांचा हप्ता धरला तर कर्ज १८ लाखांचं होतं, पंधरा वर्षांची मुदत घेतली तर २२. त्यावर एक रुपया नको.

हडसनपार
ताई, काळजी कळते. पण या कसोटीने मोजलं असतं तर मी आज कोथरूडमध्येच असतो. २०१४ ला गेलो, २२ लाखांचं कर्ज, वडिलांचा फ्लॅट गहाण. तेव्हा माझा पगार २४ हजार होता. तुमच्या नियमाने मला आठ हजारांच्या हप्त्याइतकंच कर्ज मिळालं असतं, त्यात पहिल्या सेमिस्टरची फीसुद्धा निघाली नसती. नोकरी लागल्यावर साडेतीन वर्षांत सगळं फेडलं, कागद बाबांच्या हातात दिले.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरा. गेलो तेव्हा डॉलर एकसष्टच्या आसपास होता, फेडायला लागलो तेव्हा सदुसष्ट. कर्ज रुपयात आणि कमाई डॉलरमध्ये असली की रुपया पडल्यावर कर्ज हलकं होतं. आज डॉलर नव्वदला धरा: ७४ हजारांचा हप्ता म्हणजे सव्वाआठशे डॉलर. वर्षाला ८५ हजार डॉलर कमावणाऱ्याला तो जड नाही. तुम्ही उत्पन्न धरताय पुण्याचं आणि खर्च धरताय अमेरिकेचा, मग हिशेब जुळेल कसा?

फुल्यांचं_कॅलेंडर
उत्पन्न अमेरिकेचं धरायचं ही अटच तर नक्की नाही ना, हडसनपारदादा. मी डिसेंबर २०२२ ला पास झाले, नेमक्या त्या दिवसांत मोठ्या कंपन्या माणसं काढत होत्या. ओपीटीच्या, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायला मिळणाऱ्या परवानगीच्या, पहिल्या वर्षात बेकारीचे एकूण ९० दिवस चालतात. पुढे स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित शिकलेल्यांना) दोन वर्षं वाढवून मिळतात, त्यात आणखी ६० दिवस, पण तिथवर पोचायलाच आधी नोकरी हवी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज एक फुली मारायचे. एकाहत्तराव्या फुलीला तिकीट काढलं.

आता पुण्यात आहे, पॅकेज ११ लाख. कर्ज ३६ लाख, एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्तसंस्थेचं), १३ टक्के, बारा वर्षं. हप्ता पन्नासला पाचशे कमी. मी तेव्हा फुशारकी मारायचे की घर तारण नाही, म्हणजे आईबाबा सुटले. सुटले कसले! बाबा सहकर्जदार आहेत. दोन हप्ते चुकले, फोन त्यांना, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, त्यांचंही खराब. धाकट्या भावाला दुचाकीचं कर्ज हवं होतं, तिथेही तेच नडलं.

तरीही कृष्णाकाठताई, एमएस केल्याचा पश्चात्ताप नाही. तिथे शिकले ते आज कामी येतंय. चूक आकड्यात झाली. वीस लाखांत होणारा कोर्स होता, मी रँकिंग बघून दुसरा घेतला.

निवृत्त_शाखाधिकारी
चौतीस वर्षं कर्जाच्या फायली पाहिल्या, म्हणून चार गोष्टी.

ताईंचा हिशेब ढोबळ मानाने बरोबर आहे. सरकारी बँकांत शिक्षण चालू असताना सरळव्याज लागतं. त्या काळात व्याज भरत राहिलात तर दरात एक टक्का सवलत देण्याची तरतूद बँकांच्या आदर्श शिक्षण-कर्ज योजनेत आहे. लोक विचारतच नाहीत. काही एनबीएफसी मात्र पहिल्या महिन्यापासून थोडं तरी व्याज मागतात, न भरलेलं मुद्दलात घालतात.

आयकरातली ८० ई ची वजावट सगळ्यांच्या तोंडी असते. आठ वर्षं व्याजाची वजावट मिळते, कमाल मर्यादा नाही, हे खरं. पण ती जुन्या करप्रणालीत. मुलगा अमेरिकेत कमावतो आणि इथे त्याचं करपात्र उत्पन्नच नाही, तर वजावट घेणार कशातून? वडिलांची पेन्शन तर इतकी कमी की तिच्यावर कर बसतच नाही. तेव्हा ती धरू नका.

साडेसात लाखांच्या वर सरकारी बँक बहुधा तारण मागते. शेतजमीन चालत नाही, एनए (बिगरशेती) लागते. म्हणून सांगली-कोल्हापूरकडे सहा एकर ऊस असलेला माणूसही शेवटी राहत्या घराचेच कागद घेऊन येतो.

घर प्रत्यक्ष विकायची वेळ माझ्या नोकरीत दोनदाच आली. मात्र दाराला नोटीस लागलेली बरीच पाहिली. गावात तेवढंही पुरतं.

हडसनपार
फुल्यांचं_कॅलेंडर, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण एका वाईट वर्षावरून नियम करू नये, इतकंच म्हणतो.

फुल्यांचं_कॅलेंडर
आणि एका चांगल्या वर्षावरून?

राईनकाठी
अमेरिका आणि घर यांच्यामध्ये काहीच नाही का? जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता शुल्क लावलंय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, आणि ते आपणच दरमहा काढून खायचे. पण भाषा आली पाहिजे. कोर्स इंग्रजीत असतो, नोकरीच्या मुलाखतीत समोरचा जर्मनमध्ये सुरू होतो. मी दीड वर्ष नुसती मान हलवली आहे.

कृष्णाकाठ
भाच्याला विचारलं होतं. त्याचे सगळे मित्र अमेरिकेत, त्यामुळे हा विषय त्याने दोन मिनिटांत संपवला. 'गेट' द्यायला सांगितलं, एमटेकला महिन्याला १२,४०० रुपये तरी मिळतात, तर माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याला मामलेदार कचेरीत चिकटवतेय.

हडसनपार, रुपयाचा मुद्दा तुमच्या बाजूने आहे तसा माझ्याही बाजूने आहे. कर्ज डॉलर ८४ असताना मंजूर झालं आणि दुसऱ्या वर्षाची फी भरताना तो ९० झाला, तर २० हजार डॉलरमागे एक लाख वीस हजार जास्त मोजावे लागले. ते आणायचे कुठून, तर पुन्हा दादाकडून. शिवाय तुमच्या वेळी एच-वन-बीच्या (तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या) नव्या अर्जावर एक लाख डॉलरची भानगड नव्हती.

हडसनपार
ती भानगड सप्टेंबर २०२५ ची, आणि ती मुख्यतः देशाबाहेरून येणाऱ्यांसाठी आहे. तिथेच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्या विद्यार्थ्याला ती लागू नाही. त्या व्हिसासाठी चिठ्ठ्यांचं नशीब आहेच: वर्षाला ८५ हजार जागा, त्यातल्या २० हजार तिथल्या मास्टर्सवाल्यांना राखीव. धोका मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की २४ वर्षांच्या मुलाला हा धोका आत्ता घेता येतो, ३५ व्या वर्षी नाही.

कृष्णाकाठ
पण धोका २४ वर्षांचा मुलगा कुठे घेतोय? घर ६३ वर्षांच्या माणसाचं आहे.

भाचा_तोच
आत्या, हा धागा मला बाबांनीच पाठवला. मी काही लपून वाचत नव्हतो.

माझे स्वतःचे पावणेचार लाख आहेत, ते कुणी धरलेच नाहीत. शाखाधिकारी काका, एक विचारायचं होतं. पहिल्या सेमिस्टरनंतर मला असिस्टंटशिप (विद्यापीठातलंच शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम) मिळाली आणि फी माफ झाली, तर पुढची उचल घ्यायची नाही असं करता येतं का?

निवृत्त_शाखाधिकारी
येतं. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. समजा ११ लाखांवर थांबलास, तर तुझा हप्ता आत्याच्या कसोटीत आरामात बसेल. मात्र मास्टर्सच्या मुलांना असिस्टंटशिप मिळेलच असं धरू नकोस, आधी पीएचडीवाल्यांना मिळते. आणि कर्ज कमी उचललंस म्हणून घराचे कागद लवकर परत येत नाहीत. शेवटचा हप्ता होईपर्यंत ते बँकेतच.

भाचा_तोच
हे बाबांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मंगळवारी अकरा वाजता व्हॅल्युअर घर बघायला येणार आहे. आत्या, तू ये.

कृष्णाकाठ
येते. मत बदललेलं नाही, पण येते. आणि ते कागद आधी त्या पिवळ्या पिशवीतून काढून नीट फाइलला लावा.