'त्याला काही कळत नाही' हे कादंबरीकाराला कुणी सांगितलं?

अबोली:
माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. निदान झालं तेव्हा एका थेरपिस्टने मार्क हॅडनची 'द क्युरिअस इन्सिडन्ट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' (२००३) हातात ठेवली. "हे वाचा, मुलगा समजेल." एका बैठकीत वाचली आणि रडले. या महिन्यात परत वाचली आणि संताप झाला.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: इंग्लंडमधल्या स्विंडनचा पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर स्वतःच गोष्ट सांगतो. शेजारणीचा कुत्रा कुणी मारला हे शोधताना आईवडिलांनी लपवलेलं सगळं बाहेर येतं. त्याला ७,०५७ पर्यंतच्या मूळ संख्या माहीत आहेत आणि प्रकरणांनाही मूळ संख्यांचेच क्रमांक आहेत. वडील त्याला सांगतात की आई हार्ट अटॅकने गेली. यावर त्याचा प्रश्न काय, तर कोणत्या प्रकारचा अटॅक?

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई गेल्या. तेरा दिवस घरात माणसांची ये-जा. हा रडला नाही, कुणाजवळ गेला नाही. एक नातेवाईक माझ्यादेखत म्हणाल्या, "बरंय बाई, त्याला काही कळत नाही." आणि रोज संध्याकाळी साडेसात वाजता हा आजीच्या डबीतून तिची बीपीची गोळी काढून पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवत होता, ती असताना ठेवायचा तशीच. सकाळी मी ती उचलून वाटीत टाकायचे. तेराव्याला वाटीत बारा गोळ्या होत्या.

बाहेरच्या लेखकाला तो कोरडा प्रश्न ऐकू येतो, गोळी दिसत नाही. आणि जे बाहेरून दिसलं तेच तो 'मी' म्हणून मुलाच्या तोंडी घालतो. माझा आक्षेप त्या 'मी'ला आहे.

देवचाफा:
वाटीतल्या गोळ्या लक्षात राहतील. पण अबोली, पुस्तकावर अन्याय होतोय. त्याच ख्रिस्तोफरला पुढे वडिलांच्या कपाटात आईची पत्रं सापडतात. आई जिवंत आहे, वडील खोटं बोलले, हे लख्ख कळतं आणि त्याच्या अंगाचाच ताबा सुटतो. उलटी होते, भान जातं, वडील येऊन आंघोळ घालतात. दुःख शब्दांत नाही, शरीरात आहे. म्हणजे हॅडनला तुमची गोळी दिसली होती.

शिवाय कादंबरीच्या मजकुरात ऑटिझम किंवा ॲस्पर्गर (ऑटिझमचाच एक प्रकार) हे शब्दच नाहीत. हे पुस्तक ॲस्पर्गरबद्दल नाही आणि आपण त्याचा फारसा अभ्यास केला नाही, असं हॅडनने २००९ मध्ये स्वतः लिहिलं. लेबल वेष्टणावर आलं आणि पुस्तक थेरपिस्टने दिलं. त्याची शिक्षा कादंबरीला का? आपल्या हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो?' विधवा यमूच्या तोंडूनच लिहिली. ते विधवा नव्हते. म्हणून यमू खोटी ठरते का?

रानपाखरू:
अबोलीताईंशी सहमत. अचाट स्मरणशक्तीच्या ऑटिस्टिक माणसावरचा 'रेन मॅन' (१९८८) हा चित्रपट ज्याच्यावरून सुचला तो किम पीक मुळात ऑटिस्टिक नव्हता, असं पुढे मानलं गेलं. तरी माझ्या भाच्याला आजही पाहुणे विचारतात, "याला कोणत्या तारखेला कोणता वार ते सांगता येतं का?" नाही म्हटलं की चेहरे पडतात.

उत्तररात्र:
मी स्वतः ऑटिस्टिक आहे. वय ३४, निदान ३१ व्या वर्षी. एक विनंती, ऑटिस्टिकला मराठीत 'स्वमग्न' म्हणतात, तसं मला म्हणू नका. ज्या शब्दातच 'स्वतःत बुडालेली' असं म्हटलंय तो चिकटवून घ्यायचा आणि मग समोरच्याला पटवायचं की तुमचं दुःख मला कळतं, हे फार जड जातं.

हॅडनने लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन लिहिलंय ते खरं आहे. पाट्यांवरचे शब्द एकमेकांत घुसत जातात, शेवटी अक्षरांचा चिखल उरतो. संध्याकाळी दादरच्या पुलावर माझं तेच होतं. पण ख्रिस्तोफर म्हणतो, मला खोटं बोलता येत नाही. मी जन्मभर खोटंच बोलत आले. लग्नघरात "मजा आली", ऑफिसात "ठीक आहे", डोळ्यांत बघता येत नाही म्हणून भुवयांच्या मध्ये बघायचं आणि घरी आलं की दिवा न लावता बाथरूमच्या लादीवर तासभर बसायचं. हे बाहेरून दिसत नाही. गणितात हुशार, खोटं न बोलणारा मुलगा हेच चित्र सगळ्यांच्या डोक्यात असेल तर माझ्यासारखी मुलगी कुणाच्या नजरेस पडणार?

देवचाफा, यमू सगळ्यांना माहीत आहे. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये स्वतः लिहिलेली 'स्त्री-पुरुष तुलना' मात्र परत छापली गेली ती १९७५ मध्ये. माझं दुखणं हे आहे. एल मॅकनिकल ही लेखिका स्वतः ऑटिस्टिक आहे. तिच्या 'अ काइंड ऑफ स्पार्क'मधली (२०२०) अकरा वर्षांची ॲडी, गावात पूर्वी चेटकीण ठरवून मारलेल्या बायकांसाठी स्मारक मागत सुटते. कधी न पाहिलेल्या बायकांचं दुःख तिला सोसवत नाही. तुमच्यापैकी किती जणांनी हिचं नाव ऐकलं होतं?

सह्यकडा:
माझी मुलगी बावीस वर्षांची आहे. बोलत नाही, लिहीत नाही. उत्तररात्र, तुम्ही आपलं सांगू शकता याचा मनापासून आनंद आहे. पण ज्याचं त्यानेच लिहायचं ठरलं तर माझ्या लेकीवर कधीच कुणी लिहिणार नाही. कुकरची दुसरी शिट्टी झाली की ती माझा हात धरून गॅलरीत नेते. तिसरी होईपर्यंत हात सोडत नाही. ही भीती आहे की खेळ, मला बावीस वर्षांत कळलेलं नाही. एखाद्या चांगल्या लेखकाने अंदाज बांधावा, चुकला तरी चालेल. निदान ती कुठल्यातरी पुस्तकात असेल.

उत्तररात्र:
दादा, मी बंदी घालत नाहीये. तुमचं 'मला कळलेलं नाही' जसंच्या तसं ज्या कादंबरीत येईल ती मी आवडीने वाचेन. माझं मागणं एवढंच, छापण्याआधी आमच्यापैकी दोघा-तिघांना वाचायला द्या, त्याचे पैसेही द्या आणि आम्ही चूक दाखवली तर बदला.

अबोली, एक विचारू? गोळ्यांचं लिहिलंत ते मुलाला विचारून लिहिलंत का?

अबोली:
नाही विचारलं. तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मग त्याला माझं लिखाण वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "साडेसात नाही. सात बत्तीस. मालिका संपल्यावर." मग थोड्या वेळाने परत आला. "आणि ती आजीसाठी नव्हती. आजी नव्हती ना. आजोबा रोज विचारायचे, हिची गोळी काढली का, म्हणून."

खरंच विचारायचे सासरे, त्या दिवसांत, सवयीने. मी दर वेळी त्यांना गप्प करत होते.