बायनरीत गिटचा आवृत्ती क्रमांक: गरज की थेरं?

उद्यमबागकर:
काल इथं एकानं ठोकून दिलं, "आवृत्ती हातानं लिहायची, एक ओळ तर आहे. गिटमधून काढणं म्हणजे नसती थेरं." राहवत नाही म्हणून लिहितोय. गिट कोडातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवतं, मग आवृत्ती त्यालाच विचारा ना. एक ओळ आहे म्हणूनच ती बदलायची राहते! सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनींचा डेटा गोळा करणारा आमचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून बेळगावातल्या कारखान्यांत जातो. बंद पडला की फोन. आवृत्ती विचारावी तर सगळीकडं १.२. कुठला १.२? गिट डिस्क्राइब ही कमांड लावली तर शेवटचा टॅग (आवृत्तीला दिलेलं नाव), त्यापुढचे कमिट (नोंदवलेले बदल) किती आणि हॅश (शेवटच्या कमिटची खूण), सगळं एका ओळीत. डर्टी फ्लॅग दिला की कमिट न करता दडपलेलं बिल्डही, म्हणजे कोडातून बनवलेली बायनरी, पकडलं जातं.

जुना_खोंड:
ते वाक्य माझं, आणि थेरंच म्हणतो. झिप उतरवून बिल्ड करा, गिटचं फोल्डरच नाही. बिल्ड सर्व्हरवर शॅलो क्लोन, म्हणजे फक्त शेवटची नोंद उतरवलेली, टॅग येतच नाहीत. मग तुमची स्क्रिप्ट 'अननोन' छापते. गिटच्या आधीच्या सबव्हर्जनमध्ये फाईलीत रिव्हिजन कीवर्ड टाकला की आवृत्तीचा आकडा आपोआप भरला जायचा, काम व्हायचं.

निपाणीवाला:
काय सांगायलास! तो कीवर्ड त्या एका फाईलपुरता. बाकी फाईली कितीही बदलल्या तरी आकडा तिथंच. अख्ख्या कॉपीसाठी एसव्हीएनव्हर्जन ही वेगळी कमांड चालवावीच लागायची. शॅलोची तक्रार असेल तर बिल्ड सर्व्हरच्या सेटिंगात फेच-डेप्थ शून्य करा, अख्खा इतिहास येतो. आणि गो भाषेत १.१८ पासून, म्हणजे २०२२ पासून, गो बिल्ड स्वतःच हॅश घालतो.

जुना_खोंड:
घालतो की! कंटेनरमध्ये, म्हणजे बिल्डसाठीच्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात, फोल्डरचा मालक वेगळा निघाला की गिट नकार देतं, बिल्ड 'एक्झिट स्टेटस १२८' म्हणून आडवं. मग सगळे बिल्डव्हीसीएस फॉल्स करून, म्हणजे हॅश घालणंच बंद करून, मोकळे.

खानापूरकर:
गिट कसलं घेऊन बसलाय? मालकाकडं नव्या मशिनीला पैसे आहेत, पोरांच्या पगाराला नाहीत. मी पुण्याला का आलो? सरकारी नोकरीला कन्नड पाहिजे, आमची शाळा मराठी. राहिलं काय?

मच्छेकर:
आलं १९५६, बेळगाव कन्नड राज्यात गेल्याचं रडगाणं! कन्नड शिकायला कुणी हात धरला होता? मी शिकलो, इथंच आहे.

खानापूरकर:
तुझ्या वडिलांचं शेड होतं, म्हणून आहेस.

मच्छेकर:
वडिलांवर जायचं नाही. त्या शेडचं कर्ज अजून मी फेडतोय.

अनगोळची_टेस्टर:
दोघंही गप्प बसा. पगाराचं खानापूरकरांचं खरं आहे, माझाही तसाच आहे. पण पोरं पुण्या-बेंगळुरूला गेली की मागं काय राहतं? ईएक्सई, नुसती चालणारी फाईल. आमच्याकडच्या वजनकाट्याचा प्रोग्राम असाच. लिहिणारा गेला, सोर्सच्या चार फोल्डरांपैकी चालू बायनरी कशातून झाली ते कुणालाच माहीत नाही. पावतीवर जीएसटीची एक ओळ बदलायची होती, मालकानं अख्खा प्रोग्राम नव्यानं लिहून घेतला. आत हॅश असता तर एका दुपारचं काम होतं.

खानापूरकर:
चार फोल्डर केले कुणी? गिट मागितलं तर मालक म्हणाला, "पेनड्राइव्ह आहे की."

जुना_खोंड:
बरं बाबा, घाला हॅश, पूजा करा त्याची. टॅग मात्र माणूसच देणार. आणि दर बिल्डला व्हर्जन डॉट एच, ती आवृत्तीची फाईल, नव्यानं लिहून अर्धा प्रोजेक्ट पुन्हा कंपाइल करायला लावलात तर इथंच येऊन शिव्या घालीन.

निपाणीवाला:
मजकूर बदलला असेल तरच फाईल लिहायची. तीन ओळींची स्क्रिप्ट आहे, पाठवू?

जुना_खोंड:
पाठव. चालली नाही तर बघ.