बेदाण्याच्या कुकीज दगड आणि बार चिखल, दोन्ही कसं काय जमवलं मी?

पीठपसारा

मंडळी मदत करा. घरात जवळजवळ अर्धा किलो बेदाणे पडून होते, म्हणलं कुकीज पण करू आणि बार पण करू, एकदाच ओव्हन तापवायचा. कुकीजना १ कप मैदा, दीड कप ओट्स, अर्धा कप बटर, पाऊण कप साखर, १ अंडं, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, व्हॅनिला आणि एक कप बेदाणे. बेदाणे डब्यातून काढले तसेच घातले. १८० वर १२ मिनिटं सांगितली होती पण वरून अगदी फिक्या आणि मधे मऊ दिसत होत्या म्हणून अजून ठेवल्या, मग अजून थोड्या, असं करत १८ मिनिटं झाली असतील. गरम असताना छान लागल्या पण दुसऱ्या दिवशी चहात बुडवूनसुद्धा दात दुखले. खालच्या बाजूचे बेदाणे काळे आणि कडू.

मग बारला म्हणलं ही चूक नको, म्हणून बेदाणे रात्रभर पाण्यात भिजवले, सकाळी थोड्या पाण्यासकट मिक्सरला जाडसर फिरवले, साखर घातली, आणि कुकीजचंच पीठ खाली थापून मधे हे सारण आणि वर उरलेलं पीठ भुरभुरवलं. २५ मिनिटांनी काढलं, धीर निघेना म्हणून लगेच सुरी घातली तर सगळं ओघळलं, तळ गिच्च ओला. शेवटी वाटीत घालून चमच्याने खाल्लं (चव चांगली होती हे सांगायलाच हवं).

बेदाणे कोरडे घातले तर दगड आणि भिजवले तर चिखल, मग नक्की करायचं काय?

जाळीवरचीकुकी

कुकीजचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, १८ मिनिटं. ओट्सच्या कुकीज ओव्हनमध्ये पूर्ण झाल्यासारख्या दिसल्या की समजायचं उशीर झाला. कडा सोनेरी आणि मधला भाग अजून कच्चट, फुगीर, बोट लावलं तर खड्डा पडेल असा दिसतोय तेव्हाच ट्रे बाहेर. नंतर ५ मिनिटं त्याच गरम ट्रेवर राहू द्या, तेवढ्यात मधलं शिजतं, मग जाळीवर. गरम कुकी मऊच असते, ती गार होताना घट्ट होते, त्यामुळे ओव्हनमध्येच कडक झालेली गार झाल्यावर दगड होणारच.

तळाचाबेदाणा

वरचं बरोबर आहे पण एकटं तेवढंच कारण वाटत नाही. मला आधी तीन गोष्टी सांगा ताई. मैदा कपाने मोजला तो कसा, डब्यात कप खुपसून की चमच्याने भरून? साखर कुठली? आणि ओव्हन कसला आहे?

पीठपसारा

मैदा कप खुपसून, वर थोडा दाबून सपाट केला 🙈 साखर साधी पांढरी, कृतीत ब्राऊन लिहिली होती पण घरात नव्हती. ओव्हन छोटा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), वर खाली दोन्ही रॉड, काळा ट्रे जो सोबत आलेला तोच.

तळाचाबेदाणा

हं, मग सगळंच जुळतंय. जरा लांबण लावतो, सवड असेल तेव्हा वाचा.

मैदा. कप खुपसून दाबला तर एका कपात १५० ग्रॅमपर्यंत जातो, चमच्याने हलका भरून वरून सुरीने सपाट केला तर १२०-१२५ ग्रॅम. म्हणजे तुमच्या एक कपात जवळजवळ पाव कप मैदा जास्तीचा गेला आणि तो बिचारा ओट्सबरोबर सगळं ओलं पिऊन बसला. छोटा वजनकाटा घ्याच, बेकिंगमधले निम्मे प्रश्न काट्याने सुटतात असं माझं मत आहे.

साखर. ब्राऊन शुगरमध्ये मळी असते, ती ओलावा धरून ठेवते म्हणून कुकी दुसऱ्या तिसऱ्या दिवशीही मऊ राहते. नुसत्या पांढऱ्या साखरेची कुकी कुरकुरीत होते, ती वाईट नाही पण मऊ हवी असेल तर नाही चालत. आणि ब्राऊन म्हणजे हाताला ओलसर लागणारी, मुठीत दाबली तर गोळा होणारी. तपकिरी पण मोकळी खडे खडे असलेली साखर येते ती नव्हे, तिचा इथे उपयोग नाही. नसेलच मिळत तर पांढऱ्या साखरेत एक चमचा मध घाला, अगदी तसं नाही होणार पण फरक पडतो.

आता बेदाणे. द्राक्षात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि वाळून बेदाणा होतो तेव्हा साधारण १५ टक्के उरतं. डब्यात महिनोन्महिने पडलेला तर त्याहून कोरडा. असा कोरडाठक्क बेदाणा पिठात गेला की आजूबाजूचा ओलावा ओढायला बघतो, आणि तुमच्या पिठात आधीच ओलावा कमी. रात्रभर भिजवला तर उलट टोक, तो पाणी पिऊन टम्म होतो आणि ओव्हनमध्ये गरम झाला की तेच पाणी सोडतो. मधला रस्ता म्हणजे कढत पाण्यात १० ते १५ मिनिटं, बस. मग चाळणीत निथळायचे आणि फडक्यावर पसरून टिपून कोरडे करायचे. ही टिपायची पायरी लोक सोडतात आणि मग कुकी पसरली म्हणून तक्रार.

कडू काळे बेदाणे: बेदाण्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, ती तापलेल्या धातूला थेट टेकली की करपते. गोळा ट्रेवर ठेवायच्या आधी उलटून बघा, खाली बाहेर आलेले बेदाणे बोटाने आत ढकला किंवा काढून वर लावा. काळा ट्रे उष्णता जास्त ओढतो म्हणून तळ लवकर लाल होतो, १० अंश कमी ठेवा, खाली बेकिंगचा कागद घाला, आणि ट्रे मधल्या खाचेत, खालच्या रॉडजवळ नको. कागदावरून आठवलं, मेणाचा कागद घालू नका, तो ओव्हनमध्ये धूर करतो. बेकिंगचा म्हणून येतो तोच.

ओट्सवाली

मी भिजवायला पाणी वापरतच नाही! अंडं फेटून त्यात व्हॅनिला घालायचा आणि बेदाणे त्यातच तासभर ठेवायचे, मधेमधे हलवायचं, फ्रीजमध्ये ठेवलं तर उत्तम. मग ते सगळं मिश्रणच पिठात. बेदाणे मऊ होतात आणि जास्तीचं पाणी एक थेंब जात नाही कारण अंडं तसंही जाणारच होतं. पाण्यात भिजवून पाणी फेकलं की त्याबरोबर बेदाण्याची गोडीपण जाते, मला तर ते पटतच नाही. आणि गोळे करायच्या आधी पीठ अर्धा तास तरी फ्रीजमध्ये ठेवा. बटर गार राहिलं की कुकी पसरत नाही आणि ओट्स सावकाश ओलावा पितात, रात्रभर ठेवलं तर चव अजून छान. दुसरा घाणा लावताना गरम ट्रेवर गोळे ठेवू नका, ओव्हनमध्ये जायच्या आधीच बटर वितळायला लागतं, ट्रे नळाखाली धरून पुसून घ्या.

बिनअंड्याची

अंडं न घालणाऱ्यांनी काय करायचं? आणि बेदाण्यांना मैदा चोळला की ते खाली बसत नाहीत असं ऐकलंय, ते करू का?

ओट्सवाली

जवस. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून १० मिनिटं ठेवायची, चिकट झाली की एका अंड्याच्या जागी. बेदाणे मात्र मग गरम पाण्यातच भिजवा, जवसात ते भिजत नाहीत. मैदा चोळायचा प्रकार केकच्या पातळ पिठासाठी, कुकीचं पीठ एवढं घट्ट असतं की बेदाणा बुडणार कुठे, तो हलत सुद्धा नाही.

तळाचाबेदाणा

ओट्सवाली यांची अंड्याची युक्ती चांगली आहे, मान्य. फक्त बेदाणे फारच वाळलेले असतील तर तासभरात पुरेसे मऊ होत नाहीत असा माझा अनुभव, तेव्हा मी पाणीच वापरतो. गोडी जाते म्हणाल तर १० मिनिटांत फार जात नाही, आणि ते पाणी मी पिऊन टाकतो 😄

बारचं राहिलंच. तिथे भिजवणं ही चूक नव्हती, शिजवलं नाही ही चूक होती. कच्चं वाटलेलं बेदाण्याचं सारण पिठात ठेवलं की ओव्हनमध्ये ते पाणी सोडणार आणि तळ ते पिणार. सारण आधी गॅसवर घट्ट करून घ्यायचं. माझं प्रमाण ९ बाय १३ इंची टिनसाठी (८ इंची चौकोनी असेल तर सगळं जवळजवळ निम्मं करा):

सारण: २ कप बेदाणे, दीड कप पाणी, अर्धा कप साखर, २ मोठे चमचे कॉर्नफ्लोर (पांढरं, मक्याचं पिवळं पीठ नव्हे), एक मोठा चमचा लिंबाचा रस. कॉर्नफ्लोर आधी साखरेत कोरडंच मिसळून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत. लिंबू सोडून सगळं एकत्र करून ढवळत राहा, नीट उकळी फुटू द्या, त्याशिवाय कॉर्नफ्लोर पुरतं घट्ट होत नाही आणि कच्चट लागतं. चमचा ओढला की पातेल्याचा तळ क्षणभर दिसायला हवा. गॅस बंद केल्यावर लिंबू, कारण आंबट घालून उकळत ठेवलं तर आलेला घट्टपणा सैल पडायला लागतो. आणि लिंबू वगळू नका, बेदाणे आणि साखर मिळून नुसतं गोडमिट्ट होतं. मग हे पूर्ण गार करायचं.

चुरा: पावणेदोन कप मैदा, पावणेदोन कप ओट्स, १ कप ब्राऊन शुगर, अर्धा चमचा सोडा, मीठ, आणि पाऊण कप गार बटर बोटांनी चोळून. अंडं नाही. कुकीचं पीठ बारला वापरलंत तिथेच तळ केकसारखा मऊ पडला, बारला भुरभुरीत चुराच हवा. निम्म्याहून थोडा जास्त खाली घट्ट दाबा, वाटीच्या तळाने दाबला की सारखा बसतो. सारण घालायच्या आधी नुसता तळ १० मिनिटं भाजून घ्या. मग सारण, कडेला एक बोट जागा सोडून, वर उरलेला चुरा. तो दाबू नका. १८० वर ३० ते ३५ मिनिटं, वरून सोनेरी होईपर्यंत.

आणि सुरी लांब ठेवा!! कॉर्नफ्लोरचं सारण गार होतानाच धरतं. गरम कापलं की ओघळणारच, तिथे तुमच्या हाताचा दोष नाही, घाईचा आहे. टिनमध्ये दोन बाजूंनी बाहेर येईल असा कागद घातला तर गार झाल्यावर सगळी वडी उचलून फळीवर घेता येते.

जाळीवरचीकुकी

एक महत्त्वाचं राहतंय, कुणाच्या घरी कुत्रा असेल तर द्राक्षं आणि बेदाणे त्याला विषारी आहेत, किडनी निकामी होऊ शकते, थोडे खाल्ले तरी डॉक्टरांना विचारायचं. बारचा ट्रे गार करायला खालच्या टेबलावर ठेवू नका. आमचा एकदा कुकीजचा वास घेत टेबलावर चढला होता तेव्हापासून मी फ्रीजच्या वर ठेवते.

बिनअंड्याची

बापरे हे माहीतच नव्हतं. बरं झालं सांगितलंत.

पीठपसारा

आज परत केल्या, रिपोर्ट देते. मैदा काट्यावर १२५ ग्रॅम, ब्राऊन शुगर आणली, बेदाणे १० मिनिटं गरम पाण्यात आणि टिपून (अंड्यातली युक्ती पुढच्या वेळी), पीठ तासभर फ्रीजमध्ये. १७० वर ११ मिनिटं. काढल्या तेव्हा इतक्या कच्च्या दिसत होत्या की हात शिवशिवत होते परत आत ढकलायला, पण जाळीवरचीकुकी यांचं ऐकून बाहेर ठेवल्या आणि १५ मिनिटांत जमल्या! कडा खमंग, मधला भाग मऊ. एक कुकी मुद्दाम १६ मिनिटं ठेवली होती बघायला, ती आत्ताच कडक आहे.

बार सकाळपासून टिनमध्येच आहेत, अजून कापले नाहीत, नवरा तीन वेळा सुरी घेऊन येऊन गेला. सारण मात्र पातेल्यातच जॅमसारखं झालं होतं, चमचा उभा राहत होता, फार घट्ट झालं का? आणि कुकीज डब्यात मऊ कशा ठेवायच्या?

तळाचाबेदाणा

चमचा उभा म्हणजे थोडं जास्त आटलं, बार चांगले कापले जातील पण जरा चिवट लागतील. पुढच्या वेळी मिनिटभर आधी उतरवा, गार झाल्यावर अजून घट्ट होतं हे धरून चालायचं. कुकीज पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात, सोबत पावाचा एक तुकडा ठेवा, पाव वाळतो आणि कुकी मऊ राहते. सगळ्या एकदम भाजूच नका खरं तर, पिठाचे गोळे फ्रीझरमध्ये ठेवा, लागतील तेवढे काढून तसेच गार भाजायचे, दोन एक मिनिटं जास्त लागतात.

पीठपसारा

कापले! चौकोन उभे राहिले!! चिवट आहेत खरे थोडे, पण कडेचे तुकडे तर फोटो काढायच्या आधीच संपले. उरलेले बेदाणे आता अंड्यात बुडवतेय.