वळिवड्याची पोलिश छावणी सातवीच्या वर्गात कशी शिकवावी?

प्रश्न : सातवीची वर्गशिक्षिका

कोल्हापूर जिल्ह्यातील एका शाळेत मी सातवीला इतिहास शिकवते. १९४३ ते १९४८ या काळात आमच्या जवळच्या वळिवडे गावी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, याची आमच्या बहुतेक मुलांना कल्पनाही नसते. म्हणून दुसऱ्या सत्रात या छावणीवर प्रकल्प घेण्याचा विचार आहे. घर सुटलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची सवय मुलांना लागावी, हा हेतू आहे. मात्र असा विषय निघाला की मुले ‘बिचारे’ म्हणून हळहळतात आणि चर्चा तेथेच संपते. ‘दहा मिनिटांत घर सोडायचे आहे, दप्तरात काय भराल?’ असा उपक्रम एका सहकाऱ्यांनी सुचवला आहे. तो घ्यावा का? ऊसतोड कामगारांची काही मुले हंगामापुरती आमच्या वर्गात असतात, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर : इतिहासवाचक, सांगली

आधी नकाशा घ्यावा, असे मी सुचवेन. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत भरून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली आणि १९४२ मध्ये त्यांतील अनेक जण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. पुरुष मोठ्या संख्येने पोलिश सैन्यात गेल्यामुळे वळिवड्याला आली ती मुख्यतः स्त्रिया आणि मुले. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, स्काउटची पथकेही होती. परक्या देशातल्या बराकीत बसून गृहपाठ करणारी मुलगी सातवीच्या मुलांना जितकी जवळची वाटेल, तितका रडका चेहरा वाटणार नाही.

एक पूर्ण तासिका मात्र एकाच प्रश्नासाठी राखून ठेवा : युद्ध १९४५ मध्ये संपले, तर ही माणसे लगेच घरी का गेली नाहीत? मुलांच्या हाती पोलंडचे दोन नकाशे द्यावेत, एक १९३९ चा आणि दुसरा युद्धानंतरचा. ज्या भागातून या कुटुंबांना नेले होते, तो भाग सोव्हिएत संघात गेलेला त्यांना स्वतःच दिसेल. उरलेल्या पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट येत होती. काही जण तरीही परतले, पण अनेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे देश गाठले. गाव जागच्या जागी असूनही तेथे परतण्याची वाट बंद होऊ शकते, हे मुलांना कळले की पुढचे प्रश्न तीच विचारू लागतात.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक

दयेइतकीच दुसरी एक अडचण येईल, ती अभिमानाची. वॉर्सामध्ये कोल्हापूरचे स्मारक आहे, हे कळताच सगळा प्रकल्प ‘आपण किती उदार’ या दिशेने वाहू लागतो. छावणीचा खर्च मुख्यतः युद्धकाळात लंडनमध्ये आश्रयाला गेलेले पोलिश सरकार करत होते, हेही सांगावे. आणि १९४३ म्हणजे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. ‘त्यांना मिळाले, यांना का नाही?’ असे एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारलेच, तर तो प्रश्न टाळू नये.

माझा मुख्य आग्रह असा की, प्रकल्प पोलिश लोकांपाशी थांबवू नये. त्यांच्या मागोमाग त्याच छावणीच्या जागी फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित वसले आणि तेथेच आजचे गांधीनगर उभे राहिले. दिवाळीच्या कापडखरेदीला मुले आईवडिलांबरोबर ज्या बाजारपेठेत जातात, ती या लोकांनी उभी केलेली आहे. पंजाब आणि बंगाल यांचे तुकडे झाले. सिंध मात्र अखंडच पाकिस्तानात गेला, त्यामुळे भारतात आलेल्या सिंध्यांच्या वाट्याला स्वतःचे असे राज्य आले नाही. एकाच जागेवर दोन समाज, दोघांचे कारण वेगळे आणि पुढची वाटही वेगळी. ही तुलना पुस्तकात आयती मिळणार नाही.

दुकानदारांशी बोलायला न्यायचे असेल, तर आधी स्वतः जाऊन परवानगी घ्यावी. मुलांनी धंदा कसा सुरू झाला, भाषा कशी शिकलात, सण कसे बदलले, हे विचारावे. दंगलींच्या आठवणी उकरू नयेत.

उत्तर : समुपदेशक, शालेय विभाग

दप्तराचा उपक्रम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक मुलांना तो खेळ वाटतो; मोबाइल घेऊ की मांजर, यावर हशा होतो. वर्गात मात्र असेही मूल असते, ज्याच्या घरच्यांनी दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास बीडकडचे घर बंद करून संसार ट्रॅक्टरवर चढवलेला असतो. त्याच्यासाठी हा खेळ नाही. त्या मुलांना ‘तुम्ही सांगा, कसे वाटते?’ असे सर्वांसमोर विचारणे हाही त्यांच्यावर अन्यायच आहे. स्वतःहून बोलली तर ऐकावे, एवढेच. गटात त्यांना इतरांसारखेच काम द्यावे.

उपक्रम हवाच असेल, तर यजमानाच्या बाजूने लिहायला सांगावे. १९४३ मधले वळिवडे, युद्धामुळे महागाई, आणि गावाशेजारी अनोळखी भाषेची हजारो माणसे. गावातल्या शेतकऱ्याला, दूधवाल्याला, शाळकरी मुलाला कोणती शंका आली असेल, कोणता फायदा दिसला असेल? निर्वासिताच्या जागी जाण्यापेक्षा या जागी उभे राहणे मुलांना अधिक अवघड जाते, कारण तेथे त्यांना स्वतःचे पूर्वग्रह दिसू लागतात.

सहानुभूतीला गुण देऊ नयेत. मुलांनी सुरुवातीला विचारलेले आणि शेवटी विचारलेले प्रश्न शेजारी ठेवून पाहावेत, आणि त्यांतील फरकावरच शेरा लिहावा.