कानाच्या नसेवरची गाठ आणि रेडिएशन : तुमचे अनुभव लिहा

डावाकान
मागच्या आठवड्यात माझा चौथा स्कॅन झाला. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी आधी शांतपणे जेवलो आणि मग पाकीट उघडलं. पहिल्या वेळी पार्किंगमध्येच फाडलं होतं, त्यामानाने बरीच प्रगती आहे.

माझं सुरू झालं फोनपासून. डाव्या कानाला लावला की समोरचा तोंडात गोळी धरून बोलतोय असं वाटायचं आणि उजव्याला लावला की एकदम स्पष्ट. मी फोन बदलला, तरी तेच. मग कानाची तपासणी केली तर त्यात गंमत अशी की आवाज बऱ्यापैकी ऐकू येत होता पण शब्द कळत नव्हते, 'पान' म्हटलं की मी 'कान' सांगायचो. एका कानाचं असं झालं की एमआरआय करायचाच म्हणाले, केला, आणि त्यात १६ मिमीची गाठ निघाली.

लोक याला अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात पण ती दोन्ही बाजूंनी चूक आहे, गाठ बहुतेक वेळा ऐकण्याच्या नाही तर शेजारच्या तोलाच्या नसेवर असते आणि ती नसेची नसून तिच्या वेष्टणातल्या श्वान पेशींची असते. म्हणून खरं नाव व्हेस्टिब्युलर श्वानोमा. श्वान हे जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव आहे हे कळेपर्यंत आमच्या घरी 'डोक्यात कुत्रं शिरलंय' यावर दोन दिवस काढले. कॅन्सर नाही हे कळल्यावर माणूस हसू शकतो.

गॅमा नाइफ केलं, म्हणजे नेम धरून गाठीवर किरण सोडणं. नावात सुरी आहे म्हणून घाबरू नका, कुठेही कापत नाहीत. घाबरायचंच असेल तर डोकं हलू नये म्हणून बसवतात त्या फ्रेमला घाबरा :) कपाळाला दोन आणि मागे दोन अशी बधिर करायची इंजेक्शनं देतात, ती चांगलीच झोंबतात, आणि मग चार पिना आवळतात. दुखत नाही पण आवळतानाची करकर कानाने नाही, हाडातून ऐकू येते, अगदी बंद पडलेल्या डाव्या बाजूलासुद्धा! पाचेक मिनिटं डोकं पक्कडीत धरल्यासारखं वाटलं, मग तेही गेलं. नंतर एक पारदर्शक गोल टोपी बसवली, तिला सगळीकडे भोकं, आणि एकजण भोकाभोकातून पट्टी घालून कवटी किती आत आहे ते मोजून आकडे ओरडत होता, दुसरा लिहीत होता. मला शिंप्याकडे माप द्यायला आल्यासारखं वाटलं. मग फ्रेमसकट एमआरआय, मग नुसती वाट (प्लॅनिंगला वेळ लागतो), आणि प्रत्यक्ष मशीनमध्ये चाळीसेक मिनिटं. काहीच जाणवत नाही. गाठीच्या कडेला १२ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) दिले म्हणाले.

आता मुद्दा. गाठ गेली का असं सगळे विचारतात. नाही गेली. जाणारही नव्हती, वाढू नये म्हणून केलंय. हे मला स्वतःला पचायला दीड वर्ष लागलं. तुमचं काय झालं ते लिहा, गाठ केवढी, कुठली पद्धत, किती वर्षं झाली, आणि काय बिनसलं तेही लिहा. पाल्याच्या रसाचे उपाय कृपया इथे नकोत.

रविवारदुपार
नवऱ्याचं लिहिते, तो स्वतः लिहिणार नाही. २२ मिमी, गॅमा नाइफ, तीन वर्षं झाली.
पहिले पाच महिने आम्ही जिंकल्यासारखे फिरत होतो आणि सातव्या महिन्यात तो बाथरूमपर्यंत भिंत धरून जायला लागला, डाव्या डोळ्याखालचा स्नायू फडफडायचा, जेवताना गालात काहीतरी सळसळतंय म्हणायचा. स्कॅनमध्ये गाठ २५. मी तिथेच रडले. दुसऱ्या एका सर्जनला दाखवलं तर ते म्हणाले रेडिएशन फेल गेलं, काढून टाका. तारीखसुद्धा घेतली होती आम्ही!! मग ज्यांनी रेडिएशन दिलं होतं त्यांच्याकडे नुसतं सांगायला म्हणून गेलो तर त्यांनी दोन्ही स्कॅन शेजारी लावून दाखवले. आधीची गाठ कॉन्ट्रास्टमुळे (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) सगळीच पांढरी दिसत होती आणि आताची मधोमध काळी, कडेला पांढरी, बांगडीसारखी. म्हणाले आतून मरतेय म्हणून सुजलीय, सहा महिने ते दीड वर्ष या काळात असं होतं, थांबा.
स्टिरॉइड दिली. त्याने चालणं सुधारलं पण झोप उडाली आणि माणूस रात्री दोनला कपाटं आवरायचा. आता गाठ १९ आहे. तोल अंधारात अजून जातो, म्हणून पॅसेजमध्ये दिवा ठेवतो.
कुणीतरी हे आधी सांगितलं असतं तर तो महिना वाचला असता एवढंच म्हणणं आहे.

डावाकान
रविवारदुपार, बांगडी!! माझ्याही रिपोर्टमध्ये तेच होतं, मी ते वाचून वाईट अर्थ काढला होता.

पाचमिमी
मी काहीच केलं नाही, चालेल का इथे लिहिलेलं? गाठ ५ मिमी, पाच वर्षं नुसते स्कॅन, अजून ५ च. सगळ्याच गाठी वाढत नाहीत. २०२३ मध्ये नॉर्वेतल्या १०० पेशंटचा अभ्यास आला, निम्म्यांना लगेच रेडिएशन आणि निम्म्यांना आधी नुसती नजर. चार वर्षांनी लगेचवाल्यांच्या गाठी जास्त आटल्या होत्या, पण ऐकणं आणि तोल यात म्हणावा असा फरक दिसला नाही. ज्याने त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे घ्यावं. माझा स्वभाव आळशी आहे.

एककानी
मी जरा कडू लिहिणार आहे. १४ मिमी, सायबरनाइफ (रेडिएशनचंच दुसरं मशीन), तीन दिवसांत तीन वेळा, फ्रेम नाही, जाळीचा मास्क. गाठ शहाण्यासारखी गप्प आहे. कान गेला. लगेच नाही, पहिल्या वर्षी होता तसाच, मग दर तपासणीला थोडं थोडं करत चौथ्या वर्षी पार गेला. मला 'ऐकणं वाचेल' एवढंच सांगितलं होतं, किती वर्षं ते ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. तुम्ही विचारा. आणि कानातला रातकिडा, म्हणजे तो सततचा आवाज, गेलेला नाही, कान गेला तरी तो आहे, घर पडलं तरी भाडेकरू हलेना तसं.
आता क्रॉस मशीन लावते, म्हणजे बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानात पाठवतात. मीटिंगमध्ये बरं पडतं. पण आवाज कुठून आला ते कळत नाही, हाक मारली की मी भोवरा.

कोबाल्ट
मी पेशंट नाही, मशीनच्या खोलीच्या पलीकडच्या खोलीत बसणारा आहे (फिजिक्स). दोन गोष्टी.
'मला ४० मिनिटं लागली, तिला ७० का, तिला जास्त दिलं का' हा प्रश्न आठवड्याला एकदा येतो. नाही हो. गॅमा नाइफमध्ये किरण सोडणारं कोबाल्ट-६० असतं आणि ते सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मं होतं. म्हणजे तेवढ्या जुन्या कोबाल्टवर तोच डोस द्यायला दुप्पट वेळ. शिवाय गाठीचा आकार वाकडातिकडा असेल तर जास्त ठिकाणी नेम धरावा लागतो. नव्या मशीनमध्ये १९२ किरण असतात, आधी २०१ होते, प्रत्येक किरण एकटा अगदी किरकोळ, सगळे जिथे भेटतात तिथेच काम होतं. ही कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांची, १९५१ ची.
दुसरं एककानींसाठी. प्लॅन करताना आम्ही कॉक्लिआला, म्हणजे कानातल्या शंखाला, ४ ग्रेच्या खाली ठेवायची धडपड करतो. गाठ शंखाला चिकटून असेल तर एक मिलिमीटरवरून आमच्यात वाद होतात. तरी कान जातात. तुमचं म्हणणं बरोबर आहे, आकडा वर्षांसकट सांगायला हवा.

अर्धंहसू
३५ मिमी, मेंदूच्या खोडाला दाबत होती त्यामुळे रेडिएशनचा प्रश्नच नव्हता, आधी ऑपरेशन. चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला तुकडा मुद्दाम ठेवला आणि तो दोन वर्षांनी वाढायला लागल्यावर त्याला गॅमा नाइफ. डोळा रात्री टेप लावून मिटावा लागायचा, आता ७०-८० टक्के मिटतो. फोटोत उजवीकडून बघा, सुंदर आहे मी.

जाळीवाला
माझी आठव्या (कानाच्या) नाही तर पाचव्या नसेवरची, ट्रायजेमिनल, म्हणजे चेहऱ्याला स्पर्श कळतो त्या नसेवरची. अर्धा गाल बधिर, दाढी करताना कापलं तरी आरशात रक्त दिसल्यावर कळायचं. मला २८ वेळा थोडं थोडं दिलं, साडेपाच आठवडे. मास्कची जाळी कपाळावर उमटायची, ऑफिसात सगळे विचारायचे उशीवर झोपलास का. गाल अजून बधिर आहे.

लेक
उद्या सकाळी आईचं गॅमा नाइफ आहे, १८ मिमी, उजवा कान. काय काय न्यायचं? ती शांत आहे, मीच नाहीये.

रविवारदुपार
आईला पुढून बटणं असलेले कपडे घाल, फ्रेम बसल्यावर डोक्यावरून काही काढता येत नाही. आणि फ्रेम बघून तोंड वाकडं करू नकोस, ती तुझ्याच चेहऱ्याकडे बघत असणार.

डावाकान
आदल्या रात्री केस धुवून घ्या. आणि सहा महिन्यांच्या स्कॅनआधी रविवारदुपार यांचा प्रतिसाद परत वाचा.

लेक
झालं. फ्रेम काढल्यावर कपाळावरून एक थेंब रक्त आलं, पट्टी लावली, डोकं जरा दुखतंय म्हणाली. गाडीत मी विसरून तिच्या उजव्या बाजूला बसले आणि बोलायला लागले तर म्हणाली, अगं इकडे ये, गाठ अजून तिथेच आहे.